गढूळ पाण्यात रंगाची रेघ लवकर का मोडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या तुमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड्सचा प्रयोग, म्हणजे नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक रेघ सोडून ती कधी मोडते हे पाहण्याचा प्रयोग, करताना २५ मिलिमीटर व्यासाच्या आणि दीड मीटर लांबीच्या काचेच्या नळीत रंगाची रेघ फेब्रुवारीमध्ये २,७०० या रेनॉल्ड्स अंकापर्यंत सरळ राहिली. (पाण्याच्या वेगाला नळीच्या व्यासाने गुणून गतिक श्यानतेने, म्हणजे ढोबळपणे दाटपणाने, भागले की हा अंक येतो; तो जितका मोठा, तितका प्रवाह खळाळण्याकडे झुकतो.) जुलैमध्ये, टाकीतले पाणी गढूळ असताना, त्याच उपकरणावर ती १,९०० लाच मोडली. पाण्यात लिटरमागे सुमारे एक ग्रॅम गाळ होता, हे तुम्ही गाळून आणि वाळवून मोजले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक कण ३० मायक्रॉनच्या आसपासचे दिसले. या बारीक कणांनीच प्रवाह विसकटला का, आणि विसकटला असेल तर एवढासा कण नेमके करतो तरी काय, असे तुम्ही विचारता.

माझे उत्तर असे की, नळीतून वाहत गेलेल्या त्या पोयट्याने हे केलेले नाही. गाळाचा त्यात हात असलाच तर तो नळीच्या आत नसून वरच्या टाकीत असावा. कण संथ प्रवाहाला खळाळता करू शकतात हे खरे आहे आणि त्यावर उत्तम प्रयोगही झालेले आहेत. परंतु कण नळीच्या मानाने किती मोठा, पाण्याच्या मानाने किती जड, आणि प्रवाहाच्या कोणत्या भागात आहे, यावर सारे अवलंबून असते. हा प्रयोग मी तीसेक वर्षे विद्यार्थ्यांकडून करून घेतला आहे, आणि पावसाळ्यात आकडा घसरण्याची तक्रार मला नवीन नाही.

आधी तुमचे आकडे दुरुस्त करून घेऊ. दोन्ही वेळच्या गणितात तुम्ही पाण्याची श्यानता, म्हणजे व्हिस्कॉसिटी, पुस्तकातल्या तक्त्यातून २० अंश सेल्सिअसची घेतली आहे. मुंबईत नळाचे पाणी २० अंशांचे कधी असते, हे मला अजून कोणी दाखवलेले नाही. तुमच्याच वहीप्रमाणे फेब्रुवारीत पाणी २४ अंशांचे होते आणि जुलैत साडेसत्तावीस अंशांचे. श्यानतेला घनतेने भागून येणारी गतिक श्यानता २० अंशांना १.००४, २४ अंशांना सुमारे ०.९१४ आणि साडेसत्तावीस अंशांना सुमारे ०.८४५ मिलिमीटर वर्ग प्रति सेकंद असते. त्या हिशेबाने फेब्रुवारीचा २,७०० हा आकडा खरे म्हणजे २,९७० च्या आसपास जातो आणि जुलैचा १,९०० हा २,२६० च्या आसपास. फरक उरतोच, पण चित्र बदलते, कारण आता दोन्ही आकडे २,००० च्या वर आहेत. नळीचा व्यास तुम्ही आतून मोजला आहे असे मी धरून चालतो. बाहेरून मोजला असेल तर हे सगळे पुन्हा करावे लागेल, आणि तसे करणारे तुम्ही पहिले नसाल.

हे दोन्ही आकडे २,००० च्या वर असण्याला महत्त्व का, ते आता सांगतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली मँचेस्टरमध्ये केलेल्या मूळ प्रयोगात काचेच्या बाजू असलेली सहा फूट लांबीची टाकी होती, आत एक इंच, अर्धा इंच आणि पाव इंच व्यासाच्या नळ्या होत्या, आणि पाणी डुचमळू नये म्हणून त्यांच्या तोंडाला तुतारीच्या आकाराचे लाकडी मुख बसवलेले होते. टाकीतले पाणी काही तास निवांत ठेवल्यानंतरच ते प्रयोग करीत. एवढी काळजी घेतल्यावर त्यांच्या नळीत रंगाची रेघ सुमारे १३,००० पर्यंत टिकली. पुढच्या शतकात अधिक काळजी घेणाऱ्यांनी गोल नळीतला स्तरीय, म्हणजे थरावर थर सरळ सरकणारा संथ, प्रवाह १,००,००० पर्यंतही नेऊन दाखवला. आणि उलट, रेनॉल्ड्स यांच्याच उपकरणावर जवळपास शंभर वर्षांनी प्रयोग करून पाहिला तेव्हा त्यांचा १३,००० हा आकडाही गाठता आला नाही, कारण मधल्या काळात मँचेस्टरच्या रस्त्यांवर मोटारींची रहदारी आली होती.

यावरून जे निघते ते पाठ्यपुस्तके फार पटकन उरकतात. गोल नळीतला स्तरीय प्रवाह आपण होऊन मोडत नाही. अगदी सूक्ष्म हेलकावा दिला तर तो कोणत्याही रेनॉल्ड्स अंकाला विरून जातो. मोडण्यासाठी त्याला बाहेरून पुरेसा मोठा धक्का लागतो, आणि अंक जितका चढा तितका लहान धक्का पुरतो. हॉफ, ज्युएल आणि मलिन यांनी मँचेस्टरमध्येच २००३ साली नळीच्या भिंतीतून पाण्याचे छोटे फवारे आत सोडून हा धक्का मोजला, तेव्हा लागणारा किमान धक्का रेनॉल्ड्स अंकाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जातो असे दिसले. खालच्या बाजूची सीमा २०११ साली निश्चित झाली. साधारण २,०४० च्या खाली खळाळाचे तुकडे, ज्यांना या क्षेत्रातले लोक पफ म्हणतात, उठले तरी आज ना उद्या विझतात. त्याच्या वर ते विझण्यापेक्षा वेगाने दुभंगून पसरतात, आणि खळाळ टिकून राहतो. म्हणून २,०४० च्या वरच्या कोणत्याही आकड्याबद्दल प्रश्न असा विचारावा की, धक्का किती मोठा होता आणि तो कोठून आला.

तुमच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा. फेब्रुवारीत रेघ २,९७० ला मोडली आणि जुलैत २,२६० ला. या दोहोंचे गुणोत्तर १.३ येते. म्हणजे जुलैमध्ये प्रवाहाला बसणारा धक्का फेब्रुवारीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांशाने मोठा असला, तरी एवढी घसरण समजू शकते. हा अंदाजच आहे, कारण तुमची नळी आखूड आहे. जुलैच्या २,२६० या अंकाला स्तरीय प्रवाहाला आपला पूर्ण आकार घ्यायला व्यासाच्या सुमारे १३५ पट, म्हणजे जवळजवळ ३.४ मीटर लांबी लागते, आणि तुमच्याकडे आहे दीड मीटर. तरीही अंदाजाचा अर्थ स्पष्ट आहे. आपण फार मोठा गुन्हेगार शोधत नाही, किरकोळच शोधत आहोत. माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेत, जी मध्य रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर होती, दुपारी दोनला आलेला आकडा आणि रात्री शेवटची लोकल गेल्यावर आलेला आकडा यांत याहून अधिक अंतर पडत असे.

आता कणाकडे येऊ. प्रवाहात तरंगणारा कण दोन प्रकारे काम करू शकतो, आणि हे दोन प्रकार नीट वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ संपतो. पहिल्या प्रकारात कण इतका लहान असतो की त्याच्याभोवतीचे पाणी त्याला बिनतक्रार वळसा घालून जाते. एकेकट्या कणाची खूण मागे उरत नाही, सगळे कण मिळून पाणी किंचित दाट झाल्यासारखे वागते, एवढेच. किती दाट, ते आइन्स्टाइन यांनी १९०६ साली काढले आणि १९११ मध्ये त्यातली चूक सुधारली. कणांनी पाण्याच्या एकूण आकारमानाचा जेवढा हिस्सा व्यापला असेल, त्याच्या अडीचपट श्यानता वाढते. तुमच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम गाळ आहे. गाळाची घनता पाण्याच्या २.६५ पट धरली तर तो आकारमानाचा ०.०००३८ एवढाच भाग व्यापतो, म्हणजे श्यानता वाढली ती एक हजारांश भागाहूनही कमी. त्यातही गंमत अशी की श्यानता वाढली तर खळाळ उशिरा उठायला हवा. तुमचा उलट लवकर उठला.

दुसऱ्या प्रकारात कण मोठा असतो. त्याच्या एका बाजूला पाणी वेगाने आणि दुसऱ्या बाजूला सावकाश जात असते, म्हणून तो फिरतो, पाण्याला ढकलतो, शेजारच्या कणाला टाळताना आडवा सरकतो, आणि अशा रीतीने नळीभर बारीक हेलकावे पेरत जातो. कण या प्रकारात मोडतो की पहिल्या, हे ठरवायला कणाचा स्वतःचा रेनॉल्ड्स अंक काढावा. भिंतीजवळ वेग किती झपाट्याने बदलतो तो आकडा घ्यावा, त्याला कणाच्या व्यासाच्या वर्गाने गुणावे आणि गतिक श्यानतेने भागावे. २,२६० या अंकाला तुमच्या नळीतला सरासरी वेग सेकंदाला फक्त ७.६ सेंटिमीटर आहे, आणि पूर्ण विकसित प्रवाह धरला तर भिंतीजवळ वेगाचा उतार, म्हणजे शिअर, दर सेकंदाला सुमारे २४ आहे. तुमच्या ३० मायक्रॉनच्या कणासाठी उत्तर येते ०.०२६. दोन मिलिमीटरच्या खड्यासाठी तेच गणित केले तर उत्तर येते ११५. व्यास ६७ पट, पण परिणाम साडेचार हजार पट, कारण व्यासाचा वर्ग येतो. ०.०२६ ला कण पाण्याला काही सांगूच शकत नाही, जडत्वाला तिथे जागाच नसते. ११५ ला तो पाण्याशी चांगलीच झोंबी घेतो.

हा भेद नुसता कागदावरचा नाही. मातास, मॉरिस आणि गुआझेली या तिघांनी २००३ साली नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. कण बुडू किंवा तरंगू नयेत म्हणून त्यांची आणि द्रवाची घनता एकच ठेवली, आणि कणांचा आकार व प्रमाण बदलत प्रवाह कधी मोडतो ते पाहिले. नळीचा व्यास कणाच्या व्यासाच्या सुमारे ६५ पटींहून अधिक असेल तर कण केवळ श्यानतेपुरते काम करतात. वाढलेली श्यानता हिशेबात धरली की सगळे आकडे जागेवर बसतात. कण त्याहून मोठे असतील तर मात्र ते थोड्या प्रमाणात घातल्यावर प्रवाह लवकर मोडू लागतो, आणि प्रमाण आणखी वाढवत नेले की पुन्हा उशिरा, कारण तोवर श्यानता चढून वरचढ ठरते. तुमच्या नळीसाठी ६५ ची ही सीमा म्हणजे ०.३८ मिलिमीटरचा कण. त्याला आपण पोयटा म्हणत नाही, तो रेतीचा कण झाला. तुमचा कण नळीच्या ८३० व्या हिश्शाएवढा आहे. सीमेच्या इतक्या अलीकडे असलेल्या कणावर आरोप ठेवणे मला अवघड वाटते.

दाट मिश्रणांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती डोळ्यांना वेगळी दिसते. २०१८ आणि २०१९ मध्ये दोन निरनिराळ्या गटांनी दाखवून दिले की, मोठे कण पुरेशा प्रमाणात असतील तर नळीत पफ उठतच नाहीत. शुद्ध पाण्यात खळाळ तुकड्यातुकड्यांनी येतो, मध्ये शांत पट्टे असतात. दाट मिश्रणात सगळी नळी हळूहळू अस्वस्थ होत जाते आणि संथ कोठे संपले व खळाळ कोठे सुरू झाला हे बोटाने दाखवता येत नाही. तिथे कण ठिणगी टाकून बाजूला होत नाहीत, हेलकाव्यांचा पुरवठा ते सतत करत राहतात. तुमच्या वहीत मात्र रेघ 'मध्येच फुटते, पुन्हा जुळते, पुन्हा फुटते' असे लिहिले आहे, ते नेहमीच्या पफचेच वर्णन आहे. ही नोंद तुम्ही केली हे फार चांगले झाले, कारण तिनेही कणांना निर्दोष ठरवायला मदत होते.

हवेतल्या धुळीचे गणित वेगळे आहे आणि ते येथे थोडक्यात आणतो, कारण 'बारीक कण प्रवाह अस्थिर करतात' असे वाक्य तुम्ही कोठेतरी वाचलेले दिसते आणि ते बहुधा तिथून आले आहे. सॅफमन यांनी १९६२ साली धूळमिश्रित वायूच्या स्थैर्याचा अभ्यास केला. धुळीचा कण हवेच्या मानाने दोन हजार पट जड असतो, म्हणून आकारमानाने नगण्य असलेली धूळसुद्धा वजनाने हवेच्या बरोबरीला येऊ शकते. कण बारीक असतील तर ते हवेबरोबर मुकाट्याने हलतात, हवा जणू जड होते पण श्यानता तेवढीच राहते, आणि जड पण तितकाच पातळ असलेला वायू लवकर अस्थिर होतो. कण जाडे असतील तर ते हवेच्या हेलकाव्यांना साथ देत नाहीत, मागे रेंगाळतात, आणि त्या घर्षणात हेलकाव्यांची ऊर्जा खर्च होते, म्हणून प्रवाह उलट स्थिर होतो. कण किती वेळ रेंगाळतो हे व्यासाच्या वर्गावर ठरते. हवेत १० मायक्रॉनच्या मातीच्या कणाला वेग बदलायला सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो, १०० मायक्रॉनच्या कणाला त्याच्या शंभरपट. पाण्यात मात्र माती केवळ अडीच-पावणेतीन पट जड आहे आणि तुमच्याकडे ती लिटरमागे एक ग्रॅम आहे, म्हणजे पाण्याची घनता वाढली ती एक हजारांशाहून कमी. सॅफमन यांचे वाक्य खरे आहे, पण ते तुमच्या नळीला लागू करता येत नाही.

एकटा कण खरोखर ठिणगी टाकतो त्याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण नळीतले नाही, विमानाच्या पंखावरचे आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात एक्स-२१ नावाचे प्रायोगिक विमान उडवले गेले. त्याच्या पंखांवर अतिशय अरुंद खाचा होत्या आणि त्यांतून पृष्ठभागालगतची हवा आत ओढून घेतली जाई, जेणेकरून पंखावरचा सीमास्तर, म्हणजे पृष्ठभागाला घासून जाणारा हवेचा पातळ थर, स्तरीय राहावा आणि इंधन वाचावे. निरभ्र आकाशात हे साधे. विमान उंचावरच्या तंतुमेघांत, म्हणजे सिरस ढगांत, शिरले की साधलेले हातचे जाई. पातळ ढगात पंखाच्या काही भागावरचा थर संक्षुब्ध, म्हणजे खळाळता, होई आणि दाट ढगात सगळाच. कारण होते बर्फाचे स्फटिक. स्फटिक वेगाने सीमास्तरात घुसतो, तिथली हवा सावकाश चाललेली असते, त्यामुळे क्षणभर त्याच्यामागे भोवऱ्यांची शेपटी तयार होते, आणि स्फटिक पुरेसा मोठा असेल व पुरेसा वेळ त्या थरात राहिला तर ती शेपटी थरात खळाळाचा एक ठिपका पेरून जाते. स्फटिक निघून जातो, ठिपका वाढत मागे सरकतो. पंखाला चिकटलेल्या चिलटांचे अवशेषही हेच करतात, फरक इतकाच की ते जागचे हलत नाहीत.

भोवऱ्यांची शेपटी केव्हा सुटते याचे आकडे ठाऊक आहेत, आणि ते तुमच्या उपयोगाचे आहेत. एकसारख्या प्रवाहात धरून ठेवलेल्या गोळ्यामागे, गोळ्याच्या व्यासावर काढलेला रेनॉल्ड्स अंक सुमारे २० होईपर्यंत पाणी चिकटून वळते. त्यानंतर मागे भोवऱ्याचे एक स्थिर कडे तयार होते. २१० च्या सुमारास त्या कड्याची गोलाई बिघडते, आणि २७० ते ३०० च्या दरम्यान भोवरे एकामागून एक सुटू लागतात. आता तुमच्या नळीच्या तळाशी दोन मिलिमीटरचा एक खडा अडकला आहे असे धरा. त्याच्या मध्याच्या उंचीवर पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २.३ सेंटिमीटर असेल आणि खड्याचा अंक ५५ च्या घरात येईल. म्हणजे एकटा-दुकटा स्थिर खडासुद्धा पूर्ण विकसित प्रवाहात भोवरे सोडणार नाही. तुमच्या वेगांना नळीच्या मधल्या भागात कोणी खोडी काढू म्हटले तरी ते सोपे नाही, आणि म्हणून माझी नजर नळीच्या तोंडाकडे वळते.

तोंडापाशी परिस्थिती निराळी असते. पाणी तिथे जवळजवळ सपाट वेगाने आत शिरते आणि भिंतीलगतचा सीमास्तर नुकताच धरू लागलेला असतो. तोंडापासून एक सेंटिमीटरवर तो जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाड आहे. तिथे चिकटलेला चुन्याचा पापुद्रा किंवा शेवाळाचा तंतू त्या थरातून थेट बाहेर डोकावतो. एका जुलैत आमच्या उपकरणावर रेघ दर खेपेला तोंडापासून त्याच अंतरावर मोडत होती, आणि आकडा २,१०० च्या वर जाईना. पाणी गढूळ होते, म्हणून आम्ही सगळा दोष गाळाला देऊन मोकळे झालो होतो. शेवटी प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांनी टॉर्च लावून तुतारीच्या ओठाकडे बोट दाखवले. करंगळीच्या नखाएवढा हिरवा तंतू तिथे चिकटून पाण्यात लवलवत होता. तारेने तो काढल्यावर त्याच गढूळ पाण्यात रेघ २,८०० पर्यंत गेली. त्या दिवसापासून पावसाळ्यात प्रयोगाआधी बोट फिरवून तोंड पुसणे हा आमच्याकडे नियम झाला.

दुसरी जागा म्हणजे हेड टँक, म्हणजे नळीला पाणी पुरवणारी वरची टाकी, आणि माझा खरा संशय तिच्यावर आहे. भातसा-वैतरणेचे पाणी पांजरापूर आणि भांडुपच्या केंद्रांत तुरटी देऊन, निवळून आणि गाळूनच शहरात येते. लिटरला एक ग्रॅम गाळ तिथून तुमच्यापर्यंत येणे मला संभवत नाही. तो बहुधा इमारतीच्या तळटाकीत साचलेला आणि पंप सुरू झाल्यावर ढवळून वर आलेला आहे. म्हणजे तो हेड टँकमध्ये सारखा मिसळलेला येत नाही, लोटालोटाने येतो. लिटरला एक ग्रॅम गाळाने पाणी लिटरमागे ०.६ ग्रॅमने जड होते. हे फार वाटत नाही, पण साडेसत्तावीस अंशांच्या पाण्यात एवढा फरक पडायला तापमान सव्वादोन अंशांनी उतरावे लागेल. या फरकाचा दहावा हिस्सा जरी टाकीत एका बाजूला अधिक राहिला आणि ते पाणी अर्धा फूट खाली बसले, तरी त्याचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटरच्या घरात जातो. नळीतला तुमचा सरासरी वेग ७.६ सेंटिमीटर आहे हे आठवा. त्याच्या आठव्या हिश्शाएवढ्या वेगाने टाकीत कोसळणारे पाणी तोंडापाशी पोचत असेल, तर एक तृतीयांशाने वाढलेल्या धक्क्याचा शोध इथेच थांबू शकतो.

हे गाळाचेच काम आहे, पण कण म्हणून नाही, वजन म्हणून आहे, आणि हा फरक तपासून पाहता येतो. एकही कण नसलेले स्वच्छ पाणी टाकीत भरा, तासभर स्थिर राहू द्या आणि रेघ कोठे मोडते ते पाहा. मग टाकीच्या एका कोपऱ्यात, तोंडापासून दूर, कूलरचे गार पाणी हलक्या हाताने सोडा, इतके की तिथले मिश्रण दोनेक अंशांनी गार व्हावे, आणि पाच मिनिटांत पुन्हा आकडा घ्या. गार पाण्याने आकडा गढूळ पाण्याइतकाच घसरला तर कणांवरचा खटला निकालात काढावा. उलट बाजूने, गढूळ पाणी टाकीत चांगले ढवळून एकजीव करा आणि ढवळणे विरल्याबरोबर आकडा घ्या. फार थांबू नका. ३० मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर खाली बसतो, म्हणजे एक फूट उतरायला त्याला पाच मिनिटे लागतात. दहा मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर कापायला पाऊण तास लागेल आणि दोन मायक्रॉनची चिकणमाती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तरंगत राहील. ढवळण्याचे हेलकावे विरायला आणि गाळ बसू न द्यायला लागणाऱ्या वेळा एकमेकांना छेदतात, हीच या प्रयोगातली खरी अडचण आहे, आणि ती मला पूर्णपणे कधीच सोडवता आली नाही.

रंगाविषयी एक सूचना मध्येच करतो. परमँगनेट कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून, फडक्यातून गाळूनच रंग सोडणाऱ्या सुईत भरा. न विरघळलेला खडा सुईतून बाहेर पडला की तो नळीच्या मध्यभागातून खाली घसरत जातो आणि मागे जांभळा माग सोडतो. विद्यार्थी त्याला खळाळ समजून व्हॉल्व्ह मागे फिरवतात. दाट द्रावण पाण्याहून जड असते, म्हणून कमी वेगाला सगळी रेघच नळीच्या तळाकडे झुकते, तीही नोंद करून ठेवावी.

मोठे कण प्रवाह मोडतात हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर पॉलिस्टायरिनचे न फुगवलेले, दोन मिलिमीटरचे भरीव मणी घ्या. त्यांची घनता पाण्याच्या १.०५ पट असते, आणि लिटरला सुमारे ७५ ग्रॅम मीठ घातले की पाणी त्यांच्या बरोबरीला येते, मणी बुडत नाहीत आणि तरंगतही नाहीत. २०० लिटरच्या टाकीला पंधरा किलो मीठ लागेल. भांडुप-मुलुंडला मिठागरे असलेल्या शहरात हे जड जाऊ नये, फक्त लोखंडी जोड नंतर गोड्या पाण्याने धुऊन काढा. मिठाने श्यानता थोडी वाढते, ती वेगळी मोजून घ्या. एका विद्यार्थ्याने मण्यांऐवजी फालुद्यातला भिजवलेला सब्जा वापरायची युक्ती काढली होती. कल्पना सुरेख होती, पण सब्ज्याचा बुळबुळीत पाझर पाण्यात उतरतो, आणि अशा लांब साखळ्यांचे रेणू नळीतला खळाळ दडपतात, हे टॉम्स यांनी १९४८ सालीच दुसऱ्या एका द्रावणात दाखवले होते. म्हणजे कण प्रवाह बिघडवणार आणि त्यांचाच चिकटा तो सावरणार, आणि आपल्याला कोणाचे काम किती हे कळणार नाही.

मणी आकारमानाने एक टक्का घातले तर तुमच्या नळीत एका वेळी सुमारे पावणेदोन हजार मणी असतील आणि रंगाची रेघ दिसेनाशी होईल. तिची गरजही नाही. नळीच्या शेवटच्या टोकातून पडणाऱ्या धारेकडे पाहा. पफ नळीतून जात असताना विरोध वाढतो, प्रवाह किंचित मंदावतो आणि धार मागे येते, पफ बाहेर पडला की ती पुन्हा पुढे जाते. धारेखाली आलेखाचा कागद ठेवून तिचे मागेपुढे होणे मोबाइलवर टिपता येते. मातास यांच्या गटानेही डोळ्यांवर भिस्त न ठेवता नळीच्या दोन टोकांमधल्या दाबातील चढउतारच मोजले होते. एक, दोन, पाच आणि दहा टक्के अशा पायऱ्यांनी जा, आणि प्रत्येक पायरीला वाढलेली श्यानता धरून अंक काढा, नाहीतर मण्यांची करामत आणि श्यानतेची करामत एकमेकांत मिसळतील. प्रवाह कमी-जास्त करण्यासाठी टोकाचा व्हॉल्व्ह वापरू नका, कारण अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमध्ये मणी अडकतात आणि धार त्यानेच थरथरू लागते. तिथे एक रुंद रबरी नळी जोडा, तिचे तोंड स्टँडवर बांधा आणि ते वर-खाली करून वेग बदला. मणी खालच्या चाळणीत जमतील ते हातानेच वर टाकीत परत घाला, पंपातून फिरवले तर दुसऱ्या दिवशी त्यांचा चुरा मिळेल आणि तुमचा कण पुन्हा ६५ च्या पलीकडे गेलेला असेल.